शाळा तिने का सोडावी?

प्रश्न : माझी मुलगी दहावीत शिकते. आम्ही तालुक्याच्या गावी राहतो. तिच्या शाळेच्या नावाने इन्स्टाग्रामवर एक ‘कन्फेशन पेज’, म्हणजे मुलांनी पाठवलेला मजकूर त्यांचे नाव न देता टाकणारे पेज आहे आणि ते कोण चालवते हे कोणालाच ठाऊक नाही. पूर्वी त्यावर शिक्षकांच्या लकबी, कोणाला कोण आवडते, असे काहीबाही येत असे. दिवाळीच्या सुट्टीनंतर माझ्या मुलीबद्दल लिहिले जाऊ लागले. आधी टोमणे होते, मग तिच्या चारित्र्याविषयी घाणेरडा मजकूर आला, आणि परवा शाळेच्या क्रीडा महोत्सवातील तिच्या फोटोतला चेहरा दुसऱ्या कुणाच्या तरी उघड्या शरीराला जोडून तो फोटो टाकला गेला. तो अजून तिथेच आहे. काही दिवसांपूर्वी तिने ‘मला निनावी मेसेज पाठवा’ अशी एनजीएल ॲपची लिंक आपल्या स्टोरीला ठेवली होती. तिथेही अश्लील मेसेज आले. मुख्याध्यापक म्हणतात, शाळेत मोबाईल आणू देत नाही, त्यामुळे ही शाळेबाहेरची गोष्ट आहे. बोर्डाचे वर्ष आहे, बोभाटा करू नका. सासूबाई म्हणतात, मोबाईल काढून घ्या. तिचे बाबा तिला शाळेतून काढून मामाकडे पाठवण्याच्या विचारात आहेत. माझा पुतण्या म्हणतो, मुलगा कोण आहे ते मला माहीत आहे, त्याला बघून घेतो. मला पोलिसांत जायची भीती वाटते. शिवाय हे वर्गातल्याच एखाद्या मुलाचे काम असेल, तर त्याचे आयुष्य आपल्यामुळे बिघडेल असेही वाटते. आणखी एक गोष्ट. गेल्या वर्षी याच पेजवर दुसऱ्या एका मुलीबद्दल आलेला मजकूर माझ्या मुलीने पाठवला होता, असे तिनेच काल रडत रडत सांगितले. आम्ही काय करावे?
– एक आई

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमचे पत्र मिळाले त्याच दिवशी तातडीच्या गोष्टी तुम्हाला ईमेलने कळवल्या होत्या. तुमच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील वगळून, तेच उत्तर आता सविस्तर देत आहे.

तुमच्या घरात जे उपाय सुचवले जात आहेत, त्यांपैकी जवळजवळ प्रत्येकात काहीतरी गमावण्याची पाळी तुमच्या मुलीवरच येते. मोबाईल तिचा जातो, शाळा तिची सुटते, घर सोडून मामाकडे तिने जायचे. ज्याने हे केले त्याचे मात्र यातले काहीही जात नाही, आणि पेज वाचणाऱ्या वर्गाला त्यातून एकच अर्थ कळतो, की चूक तिची होती. म्हणून माझे पहिले सांगणे असे, की तिने शाळा सोडू नये. पुढे काही महिन्यांनी, प्रकरण मार्गी लागल्यावर, तिला स्वतःहून दुसऱ्या शाळेत जावेसे वाटले तर तो विचार वेगळा; पण आज, दहावीचे वर्ष अर्ध्यावर असताना, मोठ्यांनी घाबरून घेतलेला तो निर्णय तिच्यावर लादू नये.

मोबाईलबद्दलही तसेच. या वयातील मुले अशा गोष्टी आई-वडिलांपासून लपवतात, त्यामागे ‘सांगितले तर मोबाईल जाईल’ हे भय फार मोठे असते. तुमच्या मुलीने हे सारे, स्वतःची चूकसुद्धा, तुम्हाला सांगितले. त्या सांगण्याची शिक्षा म्हणून मोबाईल काढून घेतला, तर पुढच्या वेळी ती सांगणार नाही, आणि पुढची वेळ याहून कठीण असू शकते. शिवाय पुराव्याचा बराचसा भाग त्याच मोबाईलमध्ये आहे. ते अकाउंट आताच बंद करू नका आणि मोबाईल रीसेटही करू नका. ते पेज तिने रोज उघडून पाहू नये, हे मात्र तिला पटवून द्या. पेजवर लक्ष ठेवण्याचे काम तुमच्यापैकी एकाने आपल्या मोबाईलवरून करावे.

एनजीएलच्या लिंकवरून तिला घरात बोलणी बसत असतील, असे पत्रावरून वाटते. त्याबद्दल एक हकीकत घरातील सर्वांना ठाऊक असावी. २०२४ च्या जुलैमध्ये अमेरिकेतील फेडरल ट्रेड कमिशन (ग्राहकांचे हित पाहणारी सरकारी संस्था) आणि लॉस एंजेलिसचे जिल्हा सरकारी वकील यांनी याच ॲपच्या कंपनीवर कारवाई केली. मित्रांनी पाठवल्यासारखे भासणारे खोटे मेसेज कंपनी स्वतःच मुलांना पाठवत होती, कोणी पाठवले हे कळण्याच्या आशेने मुलांकडून पैसे घेत होती आणि तरीही खरे नाव सांगत नव्हती, तसेच छळ रोखणारी यंत्रणा असल्याचा तिचा दावा पोकळ होता, असे त्या तक्रारीत म्हटले होते. ५० लाख डॉलर भरून, १८ वर्षांखालील मुलांना हे ॲप न देण्याची अट कंपनीला मान्य करावी लागली. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला ‘आपल्याबद्दल लोकांना काय वाटते’ याचे कुतूहल असणे स्वाभाविक आहे आणि त्या कुतूहलावर पैसा कमावण्यासाठीच ही रचना केलेली होती. तिने लिंक ठेवली म्हणून पुढचे ओढवून घेतले, असे कृपया कोणी म्हणू नये. ‘निनावी मेसेज कोणी पाठवला ते सांगतो’ म्हणणाऱ्या कोणत्याही ॲपला मात्र एक रुपयाही देऊ नका.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते. फोटो ताबडतोब उतरावा असे कोणत्याही आईला वाटेल, पण त्याआधी दहा मिनिटे पुराव्यासाठी द्या. पेजचे नाव, त्याची पूर्ण लिंक, प्रत्येक पोस्टची लिंक, तारीख-वेळ दिसेल असे मजकुराचे व त्याखालील प्रतिक्रियांचे स्क्रीनशॉट घ्या. पेजचे नाव एका क्षणात बदलता येते, म्हणून लिंक लिहून ठेवणे महत्त्वाचे. जोडलेल्या फोटोबाबत मात्र फार जपा. तो कोणालाही पाठवू नका. नातेवाइकांना नाही, शिक्षकांना नाही, पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच नाही. अल्पवयीन मुलीचे असे चित्र पुढे पाठवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब खाली गुन्हा आहे, आणि पाठवणाऱ्याचा हेतू चांगला होता एवढ्याने तो पुसला जात नाही. पोलिसांना ते मोबाईलवर प्रत्यक्ष दाखवावे.

त्यानंतर इन्स्टाग्रामवर त्या पोस्टची तक्रार करा आणि कंपनीच्या भारतातील तक्रार निवारण अधिकाऱ्याकडेही लेखी तक्रार पाठवा. २०२१ च्या आणि फेब्रुवारी २०२६ मध्ये सुधारलेल्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे नग्नता दाखवणाऱ्या किंवा चेहरा जोडून तयार केलेल्या अशा चित्राची तक्रार पीडित व्यक्तीने किंवा तिच्या वतीने कोणीही केली, तर कंपनीने दोन तासांच्या आत ते हटवण्याची पावले उचलणे बंधनकारक आहे. म्हणजे ही तक्रार तुम्ही करू शकता, मुलीला तो मजकूर पुन्हा वाचायला लावायची गरज नाही. कंपनीने दाद दिली नाही, तर केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ३० दिवसांत ऑनलाइन अपील करता येते. फोटो इतरत्र पसरू नये यासाठी अमेरिकेतील नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्सप्लॉइटेड चिल्ड्रन या संस्थेची ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा आहे. तिच्यात फोटो अपलोड करावा लागत नाही, मोबाईलवरच त्याची एक सांकेतिक खूण तयार होते आणि सहभागी कंपन्या त्या खुणेवरून तो फोटो आपल्या ठिकाणी शोधून हटवतात. पोलिसांना फोटो दाखवून झाल्यावर तिचा उपयोग करा.

पोलिसांची भीती तुम्ही मोकळेपणाने लिहिली आहे आणि ती मी समजू शकते. तरीही माझे स्पष्ट मत असे, की इथे तक्रार केलीच पाहिजे. नुसते टोमणे असते तर मी आधी शाळेची वाट सुचवली असती. परंतु अल्पवयीन मुलीचा चेहरा वापरून असे चित्र प्रसारित करणे ही पोक्सो म्हणजे २०१२ च्या बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेतील गोष्ट आहे. या कायद्याने मुलांसाठी जी काळजी घेतली आहे ती पुष्कळ पालकांना माहीत नसते. मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. अधिकारी गणवेशात नसावेत आणि तिचा विश्वास असलेली मोठी व्यक्ती तिच्याजवळ असावी, असेही त्यात आहे. तिचे नाव, फोटो, शाळा, पत्ता यांपैकी काहीही प्रसारमाध्यमांना उघड करता येत नाही. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला व बालकांविषयीच्या विभागात नोंदवता येते, आणि कोणत्याही पोलीस ठाण्यात गेलात तरी, हद्द आमची नाही या कारणावरून तुम्हाला परत पाठवता येत नाही. १९३० हा सायबर हेल्पलाइनचा क्रमांक मुख्यतः आर्थिक फसवणुकीसाठी आहे. तुमच्या कामासाठी पोर्टल, जिल्ह्याचे सायबर पोलीस ठाणे आणि मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन योग्य.

उशीर मात्र करू नका. निनावी पेज वाटते तितके निनावी नसते. अकाउंट उघडताना दिलेला फोन किंवा ईमेल, कोणत्या वेळी कोणत्या इंटरनेट जोडणीवरून ते वापरले गेले याच्या नोंदी, हे सारे कंपनीकडे असते आणि तपास यंत्रणेला ते मागवता येते. पेज चालवणाऱ्याने उद्या ते बंद केले, तरी नोंदणीची माहिती १८० दिवस जपून ठेवणे वर सांगितलेल्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी कंपन्यांवर बंधनकारक केले आहे. म्हणून ‘आता पेज गेले, प्रश्न मिटला’ असे कोणी म्हटले तरी तक्रार मागे ठेवू नका.

मुख्याध्यापकांच्या उत्तराने मला खरोखर वाईट वाटले. वर्गमैत्रिणीचे चित्र वर्गातलीच मुले पाहत आहेत, पेजला नाव शाळेचे आहे, मूळ फोटो शाळेच्या क्रीडा महोत्सवातला आहे, आणि तरी ही गोष्ट शाळेबाहेरची कशी? असा गुन्हा घडल्याचे ज्याला कळले, त्याने तो पोलिसांना कळवलाच पाहिजे, असे पोक्सोचे कलम १९ सांगते. संस्थेच्या प्रमुखाने ते टाळले तर कलम २१ प्रमाणे त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. हे त्यांना धमकीच्या सुरात सांगू नका. बहुतेक मुख्याध्यापक दुष्टपणाने नव्हे, तर शाळेच्या नावाला डाग लागेल या भीतीने गप्प बसतात, आणि कायद्याने आपल्यावर जबाबदारी टाकली आहे हे कळल्यावर त्यांनाही पाऊल उचलणे सोपे जाते. मुख्याध्यापकांच्या नावे लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या आणि शाळेतील विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी असलेल्या सखी सावित्री समितीपुढे विषय ठेवण्याची विनंती करा. राज्याच्या शिक्षण विभागाने २०२२ मध्येच शाळाशाळांत ही समिती नेमायला सांगितले आहे. शाळेच्या फेसबुक पेजवर आणि ग्रुपवर मुलींचे जवळून घेतलेले फोटो असतील, तर ते काढायला सांगा. अर्जात मुलीच्या बाबतीत जे झाले ते थोडक्यात लिहा, मजकूर उद्धृत करू नका, फोटो तर जोडूच नका.

पुतण्याला आजच थांबवा. निनावी पेजच्या बाबतीत ‘मला माहीत आहे’ म्हणणाऱ्याचा अंदाज किती फसू शकतो, हे मे २०२० मध्ये दिल्लीत सर्वांनी पाहिले. ‘बॉईज लॉकर रूम’ या इन्स्टाग्रामवरील ग्रुपमध्ये शाळकरी मुले मुलींच्या फोटोंवर किळसवाणे बोलत होती, हे खरे होते. परंतु त्याच ग्रुपमधला म्हणून जो अत्याचाराच्या बेताचा स्क्रीनशॉट देशभर फिरला, तो स्नॅपचॅटवरचा होता, त्या ग्रुपशी त्याचा संबंध नव्हता, आणि मुलाच्या नावाने तो संवाद एका मुलीनेच केला होता, असे दिल्ली पोलिसांच्या तपासात दिसले. त्याच दिवसांत गुरुग्राममधील १७ वर्षांच्या एका मुलाने, त्याच्यावर इन्स्टाग्रामवर जाहीर आरोप झाल्यानंतर, आपले जीवन संपवले. आरोप खरा की खोटा हे ठरायलाही वेळ मिळाला नाही. पुतण्याने कोणाला मारले, धमकावले किंवा नाव घेऊन स्टोरी टाकली, तर एका निरपराध मुलावर संकट येऊ शकते, आणि मुलगा खराच दोषी असला तरी तुमच्या मुलीची तक्रार कमकुवत होईल व पुतण्यावरच गुन्हा दाखल होईल. त्याला मदत करायचीच असेल, तर काही दिवस बहिणीला शाळेत सोडायला आणि आणायला जाण्याचे काम त्याच्याकडे द्या.

वर्गातल्या मुलाचे आयुष्य बिघडेल ही तुमची चिंता तुमच्या मनाचा मोठेपणा दाखवते. तुमची मुलगी एवढ्या त्रासात असताना दुसऱ्याच्या मुलाचा विचार तुम्ही करता आहात. याबाबतीत निश्चिंत राहा. आरोपी १८ वर्षांखालील निघाला, तर त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार मंडळ त्याला समज देऊ शकते, त्याचे समुपदेशन करू शकते, त्याच्याकडून समाजसेवा करून घेऊ शकते, देखरेखीखाली पालकांकडे सोपवू शकते. त्याचेही नाव उघड करता येत नाही आणि सहसा पुढे ते प्रकरण त्याच्या शिक्षण-नोकरीच्या आड येत नाही. मुलाने केलेल्या गोष्टीचा जाब त्याला विचारला जावा आणि तरीही त्याला सुधारायला वाव मिळावा, या दोन्हींची सोय कायद्यात आहे. तुम्ही गप्प बसलात तर त्या मुलाला यातले काहीच मिळणार नाही, फक्त पुढची मुलगी सापडेल.

आता ज्या गोष्टीकडे तुमच्या पत्रात कोणाचेच लक्ष गेलेले नाही, तिच्याकडे येते, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची तीच आहे. पेज चालवणारा एक असेल किंवा दोघे-तिघे असतील. पण ते पेज फॉलो करणारी, मजकूर पाठवणारी, हसण्याचे इमोजी टाकणारी, दुसऱ्या दिवशी वर्गात तिच्याकडे पाहून कुजबुजणारी मुले निनावी नाहीत. त्यांची नावे हजेरीपटावर आहेत. बागेतले तण जसे पाणी मिळते तोवरच माजते, तसे हे पेज वाचणाऱ्यांवर जगते. तुमच्या मुलीला सर्वाधिक जाच कोणत्या गोष्टीचा होतो, हे तिला विचारून पाहा. पुष्कळदा उत्तर ‘कोणी लिहिले’ हे नसते, ‘माझ्या बाकावरची मैत्रीणही ते वाचते आणि काही बोलत नाही’ हे असते. म्हणून वर्गशिक्षकांना विनंती करा, की त्यांनी तिचे नाव न घेता, ती वर्गात असताना अवघडेल असे काहीही न बोलता, मुलांशी या पेजविषयी सरळ बोलावे: ते फॉलो करणे सोडावे, त्याला मजकूर पुरवू नये, असे चित्र आले तर पुढे न पाठवता मोठ्यांना सांगावे. ‘मुलींनी फोटो टाकू नयेत’ असे व्याख्यान मात्र नको. त्याने पुन्हा तिलाच बोल लागेल. आणि तुम्ही स्वतः तिच्या दोन-तीन जवळच्या मैत्रिणींच्या आयांना फोन करा. मैत्रिणींनी तिच्याबरोबर डबा खावा, शाळेतून घरी एकत्र यावे, एवढेच मागा. भर वर्गात चार मुली तिच्या बाजूने बसल्या, की त्या पेजचा जोर ओसरायला लागतो, असा माझा अनुभव आहे.

येते काही आठवडे तिची झोप, जेवण, आंघोळ-केस विंचरणे अशा साध्या गोष्टींवर लक्ष ठेवा. परीक्षेबद्दल रोज विचारू नका. पोलिसांत काय सांगायचे, शाळेत कोणाला कळावे, कोणाला नको, यातले जेवढे निर्णय तिला घेता येतील तेवढे तिला घेऊ द्या, कारण हे सारे तिच्यावर तिला न विचारता ओढवले आहे. ‘मला जगायचे नाही’ अशा अर्थाचे एक वाक्य जरी ती बोलली, किंवा वस्तू वाटून टाकणे, निरोपाचे बोलणे असे काही दिसले, तर तिला एकटे सोडू नका, तसे विचार मनात येतात का हे तिला थेट विचारा आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर लगेच फोन करा. तिथे दिवसरात्र मोफत बोलता येते आणि मराठीतही बोलता येते. डॉक्टरांकडे नेण्यात कमीपणा मानू नका.

राहिली तिने काल सांगितलेली गोष्ट. ‘केलेस तसे भरलेस’ असे तिला घरातील कोणीही म्हणू नये. तिने पाठवलेला मजकूर चुकीचा होता, पण त्यामुळे तिच्यावर झालेला गुन्हा लहान होत नाही. पोलिसांनी त्या पेजबद्दल विचारले तर तिने ते लपवू नये. खरे सांगितल्याने पेजपर्यंत मजकूर कसा पोहोचत असे, हेही तपासाला कळेल. त्यापुढे, ती थोडी सावरल्यावर, तिच्याशी निवांत बोला आणि त्या दुसऱ्या मुलीला तेव्हा काय वाटले असेल, हे तिच्या तोंडूनच येऊ द्या. तिला माफी मागावीशी वाटली, तर मेसेज करून मागू नये. तुम्ही आधी त्या मुलीच्या आईशी बोला, ती मुलगी भेटायला तयार आहे का ते विचारा, आणि ती ‘नाही’ म्हणाली तर तिचा नकार दोघींनीही मान्य करा. ती तयार असेल तर मुलीसोबत तुम्ही जा.

– तुमची, सदरलेखिका